कोरड्या दिवसांची सेवा : श्रीएकनाथ महाराजांच्या चरित्रातून

भाविक वाचकहो, कीर्तनकाराला, गवयाला, पखवाज वाजवणाऱ्याला, किंवा घरच्या घरी चार अभंग जुळवणाऱ्या साध्या माणसालाही एक दुःख चांगले ठाऊक असते. ते दुःख सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. वीणा गळ्यात आहे, टाळकरी मागे उभे आहेत, श्रोते दूरदूरच्या वाड्यावस्त्यांवरून येऊन बसले आहेत, आणि आत मात्र काही म्हणजे काही हलत नाही. काल ज्या चरणावर डोळे भरून आले, तोच चरण आज तोंडातून सुपारीसारखा कोरडा बाहेर पडतो. लिहिणाऱ्याचे तेच. बोरू हातात, कागद पुढे, आणि शब्द रुसून बसलेले.

अशा वेळी मनात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, अंतःकरणात रंग नसताना गाणे हा दंभ तर नव्हे? आणि दुसरा असा की, मग रंग येईपर्यंत थांबावे हे बरे नव्हे काय? प्रश्न वरवर पाहता प्रामाणिक वाटतात. पण त्यांचा परिणाम काय होतो तो पाहा. एका एकादशीला मन नाही म्हणून भजन राहते. दुसऱ्या एकादशीला मागच्या वेळी राहिले म्हणून राहते. तिसऱ्या वेळी कोणी विचारीतही नाही. पखवाज खुंटीला लागतो, त्याची वादी सैल होते, आणि वर्षभराने कोणी उतरवला तर तो सुरात मिळत नाही. किती मंडळी अशी संपली आहेत! भांडणाने संपली त्यांपेक्षा या ‘आज नको’ने संपली त्यांची गणती मोठी. तेव्हा हा प्रश्न काही एकट्या कीर्तनकाराच्या सुखदुःखाचा नाही. गावातले नाम राहते की जाते, एवढा मोठा तो आहे.

साहित्यशास्त्रात मम्मटाचार्यांनी काव्याचे कारण सांगताना शक्ती, निपुणता आणि अभ्यास अशी तीन अंगे सांगितली आहेत, आणि ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असा निर्णय दिला आहे. शक्ती म्हणजे जन्मजात प्रतिभा. ती देवाची देणगी. ती कधी येईल, कधी जाईल, हे आपल्या हाती नाही. पण उरलेली दोन अंगे आपल्या हातची आहेत. आता शास्त्राचा हा निर्णय एखाद्या माणसाच्या आयुष्यात कसा उतरतो ते पाहायचे असेल, तर पैठणच्या श्रीनाथांकडेच जावे. आपण त्यांना शांतिब्रह्म म्हणतो. पण ते मोठे कष्टाळू कारागीरही होते, इकडे आपले लक्ष कमी जाते.

शके १४५५ (इ. स. १५३३) च्या सुमारास गोदातीरी प्रतिष्ठान नगरीत नाथांचा जन्म झाला. कुळ भानुदासांचे. विजयनगरला गेलेली पांडुरंगाची मूर्ती ज्यांनी पंढरीस परत आणली असे परंपरा सांगते, ते भानुदास महाराज नाथांचे पणजोबा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी दोघेही नाथांच्या बाळपणीच गेले, आणि आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढविले. घरात विठ्ठल होता, वारी होती, विद्या होती. आईबाप मात्र नव्हते. लहान वयातच सद्गुरूची ओढ लागली, आणि बारा वर्षांच्या आत-बाहेरचा हा मुलगा घरी न सांगता देवगडास, म्हणजे आजच्या दौलताबादेस, जनार्दनस्वामींकडे जाऊन पोहोचला.

जनार्दनस्वामी देवगडावर अधिकारपदी होते. दत्तात्रेयांचे थोर उपासक. आता गंमत पाहा. शिष्य ब्रह्मज्ञानासाठी आला, आणि गुरूंनी त्याच्या हाती दिली काय? तर हिशेबाची वही! कचेरीचा जमाखर्च लिहीत बसायचे. कोणाला वाटेल, हे काय काम झाले? पण येथेच नाथांच्या पुढच्या सगळ्या ग्रंथरचनेचा पाया घातला गेला, असे मला वाटते.

एका रात्रीची ती गोष्ट आपल्या कीर्तनातून हजारदा सांगितली जाते. जमाखर्चात एका पैची चूक येत होती. रकमेने पाहिले तर ती चूक काहीच नव्हती. पण नाथ दिवा लावून बसले. एकदा वही पाहिली, दोनदा पाहिली, तेलाची समई खाली गेली, पुन्हा तेल घातले. मध्यरात्र उलटून गेल्यावर ती पै सापडली आणि त्या पोराने आनंदाने टाळी वाजवली. गुरू जागे झाले, कारण विचारले, आणि समजल्यावर त्यांनी एवढेच सुचविले की, एका पैसाठी जे चित्त असे एकाग्र होते, तेच या संसाराच्या मोठ्या हिशेबातली चूक शोधण्याकडे लावले तर काय होईल!

सज्जनहो, या कथेतला मुद्दा टाळीचा नाही. टाळीच्या आधीच्या त्या चार-पाच घटकांचा आहे. त्या वेळात नाथांना कोणती स्फूर्ती होती? आकडेमोडीला कसली आली आहे स्फूर्ती! झोप येत असणार, डोळे जळत असणार. तरी वही मिटली नाही. आणि जेव्हा आनंद आला, तेव्हा तो वही उघडी होती म्हणून आला. वही मिटून, अंथरुणावर पडून, ‘मन लागेल तेव्हा पाहू’ असे म्हटले असते, तर ती पै आजतागायत सापडली नसती. आनंद हा कामाच्या आधी येणारा पाहुणा नव्हे. काम चालू असताना दाराशी येऊन उभा राहणारा पाहुणा आहे. दार उघडे हवे.

पुढे गुरूंसह तीर्थयात्रेस निघाले असता त्र्यंबकेश्वराच्या बाजूस चंद्रभट नावाच्या विद्वानाच्या मुखातून चतुःश्लोकी भागवताचे निरूपण ऐकायला मिळाले. ब्रह्मदेवाला भगवंतांनी केलेला तो उपदेश, श्लोक अवघे चार. जनार्दनस्वामींनी आज्ञा केली की यावर मराठीत टीका लिही. नाथांचा हा पहिला ग्रंथ. त्याच्या ओव्या १०३६. म्हणजे ग्रंथाचा आरंभ नाथांच्या मनात उसळी आली म्हणून झालेला नाही. आज्ञा झाली म्हणून झाला. आणि विषयही स्वतः शोधलेला नाही. चार श्लोक समोर ठेवलेले, त्यांचा अर्थ उकलायचा.

टीकाग्रंथाचे हे मर्म आपल्या ध्यानात येत नाही. आपण म्हणतो, टीका म्हणजे दुसऱ्याचे उष्टे. स्वतंत्र काव्य ते खरे. पण ज्याला रोज बसून लिहायचे आहे, त्याला मूळ श्लोकासारखा आधार दुसरा नाही. आज काय लिहावे हा प्रश्नच उरत नाही. काल एकविसावा श्लोक झाला, तर आज बाविसावा पुढे उभा असतो. तो कठीण असो, सोपा असो, गोड असो की रूक्ष असो, त्याला ओलांडून पुढे जाता येत नाही. विहिरीच्या पायऱ्या जशा एकेक उतरल्याशिवाय पाणी लागत नाही, तसेच हे.

पैठणास परतल्यावर गुरूंच्या आणि आजोबांच्या इच्छेप्रमाणे नाथांनी गृहस्थाश्रम घेतला. पत्नी गिरिजाबाई. नाथांच्या घराचा नित्यक्रम महिपतीबुवांसारख्या चरित्रकारांनी वर्णन केला आहे. पहाटे उठणे, गोदास्नान, पूजा, ग्रंथवाचन, दुपारी अतिथींची पंगत, तिसऱ्या प्रहरी पुराण, रात्री हरिकीर्तन. यात एकही दिवस सुना नाही. पाहुणा आला म्हणून पुराण चुकले नाही, आणि पुराण आहे म्हणून पाहुणा उपाशी गेला नाही. गोदावरीच्या वाटेवर एक माणूस अंगावर थुंकत राहिला आणि नाथ पुन्हा पुन्हा स्नान करीत राहिले, ही कथा आपण शांतीचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच कथेत अभ्यासाचेही बीज आहे. विटाळले तर चिडायचे नाही, रडायचे नाही, पुन्हा पाण्यात उतरायचे. कीर्तन आज बिघडले? उद्या पुन्हा उतरायचे. ओवी फसली? पुन्हा उतरायचे. बिघडलेल्या दिवसाचा शोक करीत काठावर बसणारा कोरडाच राहतो.

आता नाथांच्या मुख्य ग्रंथाकडे वळू. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधाचे अध्याय ३१. यावर नाथांनी जी टीका लिहिली, ती अठरा हजारांहून अधिक ओव्यांची. तिचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले. तेवढ्यात ग्रंथाचा बोभाटा काशीपर्यंत गेला. भागवतासारखा ग्रंथ प्राकृतात आणतो हा कोण, म्हणून तेथील पंडितांनी आक्षेप घेतला आणि नाथांना काशीस जावे लागले, असे परंपरा सांगते. विचार करा, अर्धवट ग्रंथ, तोही पाचच अध्यायांचा, आणि त्यावर विद्वानांचा कोप. एखाद्याची लेखणी तेथेच गळून पडली असती. लिहिण्याचा उत्साह संपायला केवळ आतला कोरडेपणाच लागतो असे नाही. बाहेरचा एक कठोर शब्दही पुरतो. कितीतरी चांगले गाणारे एका जाणत्याच्या तिरकस शब्दाने कायमचे गप्प झाले आहेत.

नाथ गप्प झाले नाहीत, आणि वादही घालत बसले नाहीत. ज्या काशीत आक्षेप निघाला, त्याच काशीत बसून त्यांनी उरलेले २६ अध्याय लिहिले. शके १४९५ (इ. स. १५७३) च्या कार्तिकी पौर्णिमेस ग्रंथ पूर्ण झाला. ज्या पंडितांनी अडविले होते त्यांनीच पुढे ग्रंथाची मिरवणूक काढली, असे चरित्रकार सांगतात. टीकाकारांना उत्तर कसे द्यावे, याचा हा धडा आहे. उत्तर सहाव्या अध्यायाने द्यावे, सातव्याने द्यावे, एकतिसाव्याने द्यावे.

आणि यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शके १४९३ (इ. स. १५७१) च्या रामनवमीस, म्हणजे भागवत अजून हातात अपुरे असताना, नाथांनी काशीतच रुक्मिणीस्वयंवर हा दुसरा ग्रंथ पुरा केला. अठरा प्रसंगांचा, सुमारे सतराशे ओव्यांचा. एकीकडे एकादश स्कंधातले ते गंभीर ज्ञान, यादवकुळाचा अंत, उद्धवाला केलेला निर्वाणीचा बोध. आणि दुसरीकडे लग्नाची घाई, रुसवेफुगवे, वऱ्हाड, विहिणींचा थाट, मांडवातली गडबड. शेतकरी काय करतो? एकाच रानात सारखे एकच पीक घेतले तर जमीन थकते; म्हणून तो पीक पालटतो. जमीन पडीक टाकीत नाही, पालट करतो. नाथांनी हेच केले असे ग्रंथांच्या तिथ्यांवरून दिसते. मोठे काम चालू असता त्याच हाताने लहान, हसरे काम केले, आणि मोठे कामही शेवटास नेले. ज्या घरी नवऱ्यामुलीचे लग्न जमत नाही त्या घरी अजूनही या ग्रंथाचे पारायण होते. काशीतल्या त्या कठीण वर्षांचे हे फळ किती घरांत गोड झाले आहे!

आता कोणी म्हणेल, बुवा, हे सगळे लिहिण्याचे झाले. पण ज्या दिवशी एक ओळही सुचत नाही, त्या दिवशी काय? त्याचेही उत्तर चरित्रात आहे. परंपरा अशी की, नाथांच्या कंठाला व्याधी झाली. कशानेही उतार पडेना. कीर्तनकाराचा कंठच धरला गेला, याहून मोठी अडचण कोणती? तेव्हा श्रीज्ञानेश्वर महाराजांनी स्वप्नात येऊन सांगितले की, आळंदीस अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन दूर कर. नाथ आळंदीस गेले, समाधीचे स्थान शोधून त्यांनी ती मुळी दूर केली, आणि कंठ मोकळा झाला. यानंतर त्यांनी कोणते काम हाती घेतले? नवा ग्रंथ लिहिला नाही. ज्ञानेश्वरीच्या शुद्धीचे काम हाती घेतले.

ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये. मध्ये जवळजवळ तीनशे वर्षे लोटली. हाताने नकला होत गेल्या. कोणी एक अक्षर गाळले, कोणी दोन ओव्या आपल्या पदरच्या घातल्या, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने नवा बसवला. नाथांनी पोथ्या मिळवल्या, पाठ ताडून पाहिले, आणि शके १५०६ (इ. स. १५८४), तारण नाम संवत्सरी, भाद्रपद मासी कपिलाषष्ठीच्या योगावर शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि पुढच्यांना बजावून ठेवले की यात कोणी आपली ओवी घालू नये.

हे काम कसले आहे ते ध्यानात घ्या. यात स्वतःची एक ओवी घालायची नाही. स्वतःची मुद्रा नाही, नाव मिरवायला जागा नाही. एका पोथीतला चरण दुसऱ्या पोथीतल्या चरणाशी अक्षरशः ताडायचा. देवगडच्या वहीतली पै शोधावी तसा हरवलेला कानामात्रा शोधायचा. ज्याने अठरा हजारांवर ओव्या स्वतः रचल्या, तो पन्नाशीच्या घरात आल्यावर दुसऱ्याच्या ग्रंथाचा लेखनिक होऊन बसतो! पण त्या तीनशे वर्षांपूर्वीच्या शब्दांच्या संगतीत रोज बसणे ही केवढी मिळकत आहे! ज्या दिवशी स्वतःचे सुचत नाही, त्या दिवशी थोरांचे उतरून काढावे, चाल घटवावी, जुन्या वहीतली अशुद्धे सुधारावी. विहीर आटली तर घागर फोडायची नसते. शेजारच्या विहिरीवर जायचे असते. आज आपण जी ज्ञानेश्वरी हाती धरतो तिच्यात नाथांच्या त्या निमूट दिवसांचे पुण्य आहे.

तिसरे उत्तर भारुडांत आहे. नाथांची भारुडे सुमारे तीनशे, आणि विषय सव्वाशेच्या आसपास मोजतात. ते विषय आले कोठून? कोणत्या समाधीतून नव्हे. पैठणच्या गल्लीतून आले. पहाटे येणारा वासुदेव, संबळ घेऊन उभा राहणारा गोंधळी, पंचांग काखेत मारून फिरणारा जोशी, जोगवा मागणारी बाई, फकीर, बहुरूपी, विंचू उतरवणारा मांत्रिक. आपण हे सगळे पाहतो आणि दार लावून घेतो. नाथांनी दार उघडे ठेवले. संस्कृतातली व्युत्पत्ती ज्यांच्या जिभेवर होती, त्यांनी रस्त्यावरच्या बोलीला कान दिला आणि तिच्यातून वेदान्त बोलून दाखवला. आत काही नाही असे वाटते तेव्हा बाहेर पाहावे. मनातला झरा आटेल. पण बाजारातले बोलणे, शेतातली गाणी, पाणवठ्यावरचे हसणे कधी आटत नाही. मम्मटाचार्यांनी जी निपुणता सांगितली, ती शास्त्रे पाहून येते तशी लोकव्यवहार पाहूनही येते, असे त्यांनीच म्हटले आहे. नाथांनी दोन्ही पाहिली.

आता चरित्रातला सर्वांत अवघड भाग. नाथांचे चिरंजीव हरिपंडित. मोठे विद्वान, संस्कृताचे कट्टर अभिमानी. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना मानवले नाही, आणि ते घर सोडून काशीस जाऊन राहिले. नाथ त्यांना आणायला गेले. तेव्हा मुलाने अट घातली की, तुम्ही प्राकृत पुराण सांगणे सोडावे आणि परान्न घेऊ नये. आणि नाथांनी ती अट मान्य केली!

वाचकहो, येथे जरा थांबा. ज्या कलेसाठी काशीच्या पंडितांपुढे उभे राहिले, ती मुलाच्या शब्दाखातर खाली ठेवली. पुराण हरिपंडित सांगू लागले. हळूहळू श्रोते कमी होऊ लागले. ज्या अंगणात पाय ठेवायला जागा नसे तेथे मोजकी माणसे उरली. नाथ मात्र कुरकुरले नाहीत. पुढे एका बाईने सहस्रभोजनाचा संकल्प केला होता. तो पुरा करण्यास ऐपत नव्हती, म्हणून एकट्या नाथांना जेवू घालावे असे ठरले. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक करून वाढले. जेवणानंतर पत्रावळ उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी. अशा सहस्र पत्रावळी निघाल्या, आणि मुलाचे डोळे उघडले. पुन्हा नाथांच्या मुखाने मराठी पुराण सुरू झाले.

या कथेचा चमत्कार भाविकांनी भावाने घ्यावा. मी दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवतो. पुराण बंद होते त्या काळात नाथांचे काय बंद झाले? व्यासपीठ बंद झाले, श्रोते बंद झाले, वाहवा बंद झाली. पण स्नान चालू होते, पूजा चालू होती, नाम चालू होते, घरी आलेल्याला पान वाढणे चालू होते. म्हणूनच परत व्यासपीठावर बसले तेव्हा त्यांना काही नव्याने शिकावे लागले नाही. आपले उलट होते. आपल्याला व्यासपीठ मिळाले नाही की आपले नामही बंद पडते. मग प्रश्न असा की, आपण गात होतो ते कोणासाठी?

आता आरंभीच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सापडते, की रंग नसताना गाणे हा दंभ काय? नाही हो. दंभ म्हणजे नसलेला रंग असल्याचे दाखवणे. खोटे रडणे, खोटे डोलणे. पण रंग नसताना साध्या, कोरड्या आवाजात, चुकू न देता, जे सांगायचे ते नीट सांगणे, यात दंभ कोठे आला? ती सेवा आहे. पूजेच्या वेळी मन उडाले म्हणून कोणी देवाला उपाशी ठेवीत नाही; नैवेद्य वाढतोच. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक दर वेळी नव्याने भिजवून लावावी लागते. कालची वाळून जाते, ती खरडून काढायची आणि ताजी लावायची. त्या वेळी कोणाला समाधी लागत नाही, पण ते केल्याशिवाय नादही निघत नाही. पतंजलींनीही अभ्यास दृढ होण्यास पुष्कळ काळ, खंड न पडणे आणि आदर या गोष्टी मागितल्या. उत्साह मागितला नाही. आदर हा शब्द महत्त्वाचा. उत्साह नसला तरी आदर ठेवता येतो.

उत्तरवयात नाथांनी भावार्थरामायण आरंभिले. हे काम आपण करीत नसून श्रीरामच मागे लागून करवून घेत आहेत, असा भाव त्यांनी ग्रंथारंभी प्रकट केला आहे. चतुःश्लोकीला गुरूंची आज्ञा, येथे प्रभूंचा तगादा. एकूणच आपली लहर हा आधार नाथांनी कधी मानलाच नाही. बालकांडापासून चालत चालत ग्रंथ युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आला, आणि निघण्याची वेळ जवळ आली. लंकेचे युद्ध चालू आहे, रावण अजून पडायचा आहे, रामराज्य दूर आहे, आणि लेखणी खाली ठेवायची!

घरात गावबा नावाचा एक शिष्य होता. पुरणपोळीच्या आवडीने नाथांच्या घरी राहिलेला, लोकांच्या दृष्टीने अगदी मंद. त्याला मंत्र द्यायला गेले तर तो एकनाथ याच नामापलीकडे काही म्हणेना, अशी कथा आहे. नाथांनी सांगितले की उरलेले रामायण हा पुरे करील. लोक हसले असतील. पण पुढचा भाग गावबाने लिहिला आणि ग्रंथ शेवटास गेला. तेव्हा पुरणपोळी वाढता वाढता नाथांनी त्याच्या कानावर काय काय घातले असेल! रोजचे पुराण, रोजचे कीर्तन, रोजची ओवी. नाथांनी खंड पाडला असता, तर गावबाच्या कानात काय साचले असते? आपण कोरड्या मनाने जे म्हणतो, तेही कोपऱ्यात बसलेल्या कोणाच्या तरी कानात ओले होऊन उतरत असते. गाणाऱ्याचा दिवस वाया गेला असे गाणाऱ्यालाच वाटते. ऐकणाऱ्याचा गेलेला नसतो.

शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी गोदावरीत देह ठेवला. पुढे त्यांच्या मुलीच्या पोटी झालेल्या मुक्तेश्वरांनी मराठी कवितेत मोठे नाव मिळविले. धरणाने अडलेल्या गोदावरीच्या विस्तीर्ण पाण्याला आज नाथसागर हेच नाव आहे. आणि दर वर्षी नाथषष्ठीस दिंड्या पैठणास येतात, आषाढीस नाथांची पालखी पंढरीस जाते. नाथांच्या घरी श्रीखंड्याच्या रूपाने भगवंताने बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, अशी आपली श्रद्धा आहे. त्या स्मरणाने पैठणास षष्ठीच्या उत्सवात आजही रांजण भरतात. तो रांजण एका घागरीने भरत नाही. घागरीमागून घागर ओतावी लागते, आणि कोणत्या घागरीला तो काठोकाठ भरून वाहू लागेल हे ओतणाऱ्याला ठाऊक नसते. म्हणून आधीची घागर व्यर्थ म्हणायची काय? देवानेसुद्धा बारा वर्षे पाणीच वाहिले. रोज चमत्कार केला नाही.

तेव्हा सज्जनहो, येत्या एकादशीस कोणाच्या मनात रंग नसेल, तर त्याने लाजू नये आणि घरीही बसू नये. स्वतःचे सुचत नसेल तर ज्ञानोबांची एक ओवी शुद्ध उतरून काढावी. मोठे पद जड जात असेल तर लहान गौळण घ्यावी. आवाज बसला असेल तर टाळ धरावा. टाळ जमत नसेल तर पखवाजाची कणीक मळून द्यावी. वही उघडी ठेवावी म्हणजे झाले. हरवलेली पै सापडवून देणारा समर्थ आहे.

रामकृष्णहरि.